आवाज नेमका कुठे अडतो?

आयटीत नोकरी करणाऱ्या मुलाला घरच्यांच्या मते एकच काम येतं, ते म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणं. तुम्ही बँकेचं सॉफ्टवेअर लिहीत असा नाहीतर टेस्टिंगमध्ये असा, शनिवारी पुण्याहून नगरला पोचलात की चहाच्या आधी कोणाचा तरी लॅपटॉप मांडीवर येतो. (गावाचं नाव आता सरकारी कागदावर अहिल्यानगर झालंय, पण एसटीत बसताना आपल्या तोंडात 'नगर'च येतं.) आणि ह्या तक्रारींमधली सगळ्यात लाडकी तक्रार म्हणजे, "अरे, ह्याचा आवाजच येत नाही." हेडफोन लावला तर येतो, काढला की गुप्प. आधी कोणत्या तरी दुकानात दाखवून झालेलं असतं आणि तिथल्या पोराने झाकण न उघडताच "स्पीकर उडालाय, मदरबोर्डपण बघावा लागेल, ठेवून जा" असं सांगितलेलं असतं.

आता गंमत बघा. स्पीकर ही त्या लॅपटॉपमधली सगळ्यात साधी आणि सगळ्यात कमी बिघडणारी वस्तू आहे. एक चुंबक, एक तारेची गुंडाळी आणि एक पडदा. गुंडाळीतून करंट गेला की ती चुंबकाच्या क्षेत्रात पुढे-मागे हलते, तिला चिकटलेला पडदा हलतो आणि हवा हलते. ह्या कल्पनेचं पेटंट जर्मनीच्या वेर्नर सीमेन्सने 1874 मध्येच घेतलं होतं. तेव्हा त्या स्पीकरला वाजवायला पुरेसा करंट देणारा अँप्लिफायरच अस्तित्वात नव्हता, त्यामुळे कल्पना पन्नास वर्षं पडून राहिली. 1925 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग ह्या दोघांनी तिला आजचं रूप दिलं. ह्या गोष्टीला शंभर वर्षं होऊन गेली. ह्या शंभर वर्षांत रेडिओतले व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, चिप आली, पण तुमच्या लॅपटॉपच्या पोटातला तो चपटा स्पीकर तत्त्वतः राइस-केलॉगचाच आहे.

म्हणजे आवाज बंद झाला तर आरोपी बहुधा स्पीकर नसतो. आवाज वाटेत कुठेतरी अडलेला असतो. ती वाट मागे-मागे शोधत गेलं की बराच इतिहास हाताला लागतो. मी असाच शोधत गेलो आणि माझी गाडी येऊन थांबली ती थेट आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात, ऑगस्ट 1942 मध्ये. तिथे एक बिल्ट-इन स्पीकर असाच गप्प झाला होता. ती गोष्ट सांगायचीच आहे, पण त्याआधी थोडं वायरिंग.

सुरुवात हेडफोनच्या भोकापासून करू. त्याला आपण जॅक म्हणतो. हा जॅक लॅपटॉपपेक्षाच काय, रेडिओपेक्षाही जुना आहे. 1878 मध्ये अमेरिकेत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. (मुंबईत एक्स्चेंज 1882 मध्ये आलं.) समोर भोकांची भिंत, हातात दोरीसारख्या वायरी, आणि एक्स्चेंजवरची बाई ह्या ग्राहकाची वायर त्या ग्राहकाच्या भोकात खुपसून जोडणी करून द्यायची. शिकागोच्या चार्ल्स स्क्रिब्नरने ह्या कामासाठी जो स्विच बनवला तो दिसायला खिशातल्या घडीच्या चाकूसारखा होता. त्या चाकूला इंग्रजीत जॅकनाइफ म्हणतात, म्हणून स्विचचं नावही तेच पडलं आणि पुढे नुसतं 'जॅक' उरलं. पुढे खिशातले ट्रान्झिस्टर आले तशी पिन बारीक होऊन साडेतीन मिलिमीटरची झाली आणि 1979 मध्ये सोनीच्या वॉकमनने ती जगभर पसरवली.

ह्यातली खरी अक्कल भोकाच्या आत आहे. आत धातूच्या दोन पात्या एकमेकींना टेकून असतात आणि स्पीकरकडे जाणारी वाट ह्या दोन पात्यांमधून जाते. पिन आत गेली की एक पाती उचलली जाते, वाट तुटते, स्पीकर गप्प होतो. पिन काढली की पाती परत टेकते. ना चिप, ना सॉफ्टवेअर! ज्यांच्या घरी आजोबांचा ट्रान्झिस्टर होता त्यांना आठवत असेल, इयरफोनचं भोक खराब झालं की तो वाजायचाच बंद व्हायचा, आणि मग आजोबा त्यात काडी घालून कोरत बसायचे. आपण हसायचो, पण त्यांचं निदान शंभर टक्के बरोबर असायचं.

जुन्या लॅपटॉपमध्येही हेच होतं. मग कामाची विभागणी बदलली. 1981 च्या आयबीएम पीसीत जो स्पीकर होता तो फक्त 'बीप' करायचा. 1989 मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर कार्ड आलं आणि पीसी खऱ्या अर्थाने वाजायला लागला. 1997 च्या सुमाराला इंटेलच्या एसी'97 मुळे साउंड कार्ड वेगळं न राहता मदरबोर्डवरची एक चिप झालं, आणि 2004 मध्ये इंटेलनेच हाय डेफिनिशन ऑडिओ आणलं. इथे एक बारीक पण महत्त्वाचा फरक पडला. आता बहुतेक लॅपटॉपमध्ये जॅक स्वतः स्पीकरची वाट तोडत नाही. तो फक्त "पिन आत आली" एवढा निरोप चिपला देतो. चिप तो ड्रायव्हरला देते, आणि स्पीकर गप्प करायचा की नाही हे ड्रायव्हर ठरवतो.

व्हॉल्यूमच्या बटणाचंही तेच. जुन्या रेडिओचं बटण पिरगाळलं की शेवटी 'टिक' असा आवाज यायचा आणि खरोखर वीज तुटायची. लॅपटॉपची म्यूटची कळ काहीच तोडत नाही. ती ऑपरेटिंग सिस्टिमकडे अर्ज करते. अर्ज मंजूर झाला की लाल दिवा लागतो. (सरकारी ऑफिसची आठवण आली असेल तर तो योगायोग समजावा.)

म्हणून लॅपटॉपच्या आवाजाचं डिबगिंग म्हणजे "हुकूम कोणी दिला" ह्याचा तपास. माझी पद्धत साधी आहे, बायनरी सर्चची. साखळी मधोमध तोडायची आणि दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते बघायचं. पहिला प्रश्न, हेडफोनमध्ये आवाज येतो का? येत असेल तर फाइल, प्लेअर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि मुख्य चिप एका झटक्यात निर्दोष सुटल्या. उरले जॅक, स्पीकरचा छोटा अँप्लिफायर, वायर आणि स्पीकर. हेडफोनमध्येही येत नसेल तर आधी आउटपुट कुठलं निवडलंय ते बघा. टीव्हीला एचडीएमआय केबल लावलेली असते किंवा शेजारच्या खोलीतला ब्लूटूथ स्पीकर गुपचूप जोडला गेलेला असतो, आणि आवाज बिचारा इमानदारीत तिकडे जात असतो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पाचपैकी तीन लॅपटॉप मी झाकणाला हात न लावता 'दुरुस्त' करतो आणि वर कांदाभजी खातो. :)

दुसरी चाचणी मला सगळ्यात आवडते. पेनड्राइव्हवर लिनक्स घ्या, लॅपटॉप त्यावरून सुरू करा, काहीही इन्स्टॉल न करता एखादं गाणं लावा. वाजलं तर स्पीकर धडधाकट, दोष विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये. नाही वाजलं तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा. स्पीकरच्या पट्टीखाली 'एमएम' दिसलं तर ती म्यूट आहे. 'ऑटो-म्यूट' नावाचा पर्याय असेल तर तो बंद करून बघा. त्यानंतर आवाज आला तर समजा की जॅक खोटा निरोप पाठवतोय, आत हेडफोन नसताना "आहे, आहे" म्हणतोय. नगरच्या धुळीत हे फार होतं. पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा, पुष्कळदा सुटतं. काही वर्षांपूर्वीच्या मॅकबुकमध्ये तर ह्याची खूणच असायची, रिकाम्या जॅकमधून लाल उजेड दिसायचा. आतली बारीक कळ अडकली की मशीनला वाटायचं ऑप्टिकल केबल लावली आहे. लोक टूथपिकने ती कळ सोडवायचे. आजोबांची काडीच ती, दुसरं काय!

हे सगळं करूनही गप्प असेल तरच स्क्रू-ड्रायव्हर. बॅटरी सोडवायची, स्पीकरचा कनेक्टर काढायचा आणि मल्टिमीटर लावायचा. चार किंवा आठ ओहमच्या आसपास आकडा आला तर गुंडाळी जिवंत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर गुंडाळी तुटली, म्हणजे स्पीकर खरंच गेला. तेव्हा मग दुकानातल्या त्या पोराला मानायचं.

असो. आता नगरच्या किल्ल्याकडे.

'बिल्ट-इन स्पीकर' ही गोष्ट आपण गृहीत धरतो, पण सुरुवातीचे रेडिओ तसे नव्हते. पेटी वेगळी, कर्णा वेगळा, बॅटऱ्या तिसरीकडे. 1930 चं दशक संपता संपता कमी विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह आले आणि स्पीकर, बॅटऱ्या, एरियल सगळं एका हाताने उचलायच्या पेटीत मावायला लागलं. व्हॉल्व्ह तापवायला दीड व्होल्टची एक बॅटरी आणि दाबासाठी नव्वदेक व्होल्टची दुसरी. लॅपटॉपचा खापरपणजोबाच म्हणा ना. असा एक पोर्टेबल रेडिओ मौलाना अबुल कलाम आझादांकडे होता आणि प्रवासात ते तो नेहमी बरोबर ठेवत.

8 ऑगस्ट 1942 ला मुंबईत गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला. आझाद तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. 9 तारखेच्या पहाटे धरपकड झाली आणि सगळ्यांना खास गाडीत बसवलं. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं. कार्यकारिणीचे सदस्य पुढे नगरला आले. नेहरू, पटेल, आझाद, कृपलानी, पंत, असफ अली, नरेंद्र देव, पट्टाभि सीतारामय्या, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव, असे बारा जण. नेहरूंनी 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं हे शाळेतल्या प्रत्येक नगरकराला पाठ असतं. रेडिओची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

ती आझादांनी स्वतःच 'इंडिया विन्स फ्रीडम' ह्या आठवणींत सांगितली आहे. जेलरने बाकीचं सामान खोलीवर पाठवलं आणि रेडिओ तेवढा स्वतःकडे ठेवून घेतला. सुटका होईपर्यंत तो पुन्हा नजरेला पडला नाही. ह्या जेलरचं आझादांनी 'चीता खान' असं नाव पाडलं होतं, चांदबीबीच्या काळात किल्ल्यावर असलेल्या एकाच्या नावावरून. पहिले काही आठवडे वर्तमानपत्रही बंद होतं. बाहेर रेल्वेचे रूळ उखडले जात होते, तारा तोडल्या जात होत्या, विदर्भात आष्टी आणि चिमूरला गोळीबार झाला होता, आणि ज्यांच्या नावाने हे चाललं होतं त्या बारा माणसांना किल्ल्याच्या भिंतीपलीकडचं काही कळत नव्हतं.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. फक्त रेडिओच का ठेवून घेतला? ट्रान्समीटर शोधून काढता येतो, कारण तो लहरी बाहेर फेकतो. दोन-तीन ठिकाणांहून दिशा मोजली की नकाशावर रेषा जिथे छेदतात तिथे धाड घालायची. घेणारा सेट मात्र जवळपास मुका असतो, तो नुसता ऐकतो. कोण ऐकतंय हे दुरून कळत नाही. त्यामुळे ऐकणं थांबवायचं तर पेटीच उचलावी लागते. सरकारला हे पक्कं माहीत होतं. 1933 च्या वायरलेस कायद्यानुसार साधा रेडिओ घरी ठेवायलाही लायसन्स लागायचं आणि युद्ध सुरू झाल्यावर हौशी लोकांचे ट्रान्समीटर बंद करवले गेले होते.

आणि त्याच महिन्यात साखळीचं दुसरं टोक बोलायला लागलं. 27 ऑगस्ट 1942 ला मुंबईतून 'काँग्रेस रेडिओ' सुरू झाला. बावीस वर्षांची उषा मेहता आणि तिचे मित्र. लहर 42.34 मीटर, म्हणजे भागाकार केला तर साधारण 7.1 मेगाहर्ट्झ, शॉर्टवेव्ह. यंत्राच्या कामात मदत होती 'शिकागो रेडिओ'च्या नानिक मोटवाने ह्यांची. नाव शिकागो, पण कंपनी मोटवाने कुटुंबाची, मुंबईतली. काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवणारे हेच. गांधी-नेहरूंचे सभेतले जुने फोटो नीट बघा, समोरच्या माईकवर 'शिकागो रेडिओ' लिहिलेलं दिसेल. नेते तुरुंगात गेले, सभांवर बंदी आली, तेव्हा लाउडस्पीकरवाल्याने ट्रान्समीटरला हात दिला! आष्टी-चिमूरची बातमी, जी सरकारी रेडिओवर येणं शक्य नव्हतं, ती ह्या केंद्राने दिली. पोलिसांच्या गाड्या मागावर असल्यामुळे जागा सारख्या बदलाव्या लागत. जेमतेम अडीच महिने हे चाललं. 12 नोव्हेंबर 1942 ला, कार्यक्रम चालू असतानाच, पोलीस दारात आले. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. मोटवानेही पकडले गेले.

मुंबई ते नगर सरळ रेषेत साधारण 200 किलोमीटर. शॉर्टवेव्हच्या ह्या पट्ट्याला हे अंतर म्हणजे काहीच नाही. सुटकेसएवढी पेटी, एरियलची हातभर तार आणि थोडी शांत रात्र, एवढ्यावर ऐकू येण्यासारखं. अडीच महिने आवाज किल्ल्यावरून जात होता. खाली बारा श्रोते होते, असे श्रोते की त्यांच्यासाठी कुठल्याही केंद्राने जीव टाकला असता. लॅपटॉपच्या भाषेत सांगायचं तर फाइल ठीक, प्लेअर ठीक, स्पीकर ठीक, आणि मधे कोणीतरी म्यूट दाबून कळ खिशात घालून गेलेलं. आपण इथे लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून बायपास करतो. त्यांच्याकडे पेनड्राइव्ह नव्हता.

आझादांच्या बाबतीत ही नुसती बातम्यांची उपासमार नव्हती. तुरुंगात ते पहाटे उठून चहा घेत आणि एका मित्राला पत्रं लिहीत. ही पत्रं पाठवता येणार नव्हतीच, ती फायलीत साठत गेली आणि 1946 मध्ये 'गुबार-ए-खातिर' ह्या नावाने छापली गेली. राजकारण त्यात जवळजवळ नाही. चहा आहे, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांशी चाललेलं युद्ध आणि नंतरचा तह आहे (हा भाग मिळवून वाचाच), आणि शेवटी संगीतावर एक लांबलचक पत्र आहे. तरुणपणी आपण सतार शिकलो, चांदण्या रात्री ताजमहालाच्या गच्चीवर जाऊन ती वाजवली, असं ते सांगतात. बाकी कशाशिवायही आनंदात राहू शकेन, संगीताशिवाय नाही, असा त्यांचा सूर आहे. आणि हे लिहिताना त्यांचा रेडिओ जेलरच्या ताब्यात. 9 एप्रिल 1943 ला कलकत्त्यात त्यांची पत्नी झुलेखा बेगम वारली. आजारपणाचं कळल्यावरही त्यांनी सरकारकडे सवलत मागितली नव्हती. त्यानंतर आणखी दोन वर्षं ते ह्याच किल्ल्यात होते. तुरुंगातल्या शांततेबद्दल लोक फार रोमँटिक लिहितात. मला तरी त्या पत्रांत शांतता कमी आणि आवाजाची भूक जास्त दिसते.

1945 च्या मार्च-एप्रिलमध्ये किल्ला रिकामा व्हायला लागला. नेहरूंना 28 मार्चला हलवलं. आझादांना बंगालमध्ये बांकुड्याला नेलं आणि जूनमध्ये तिथून सोडलं. पुढच्या वर्षी, सप्टेंबर 1946 च्या हंगामी सरकारात, माहिती आणि नभोवाणी खातं आलं ते वल्लभभाई पटेलांकडे, त्याच किल्ल्यातल्या बारांपैकी एकाकडे. आझाद शिक्षणमंत्री झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत जानेवारी 1953 मध्ये दिल्लीत संगीत नाटक अकादमीचं उद्घाटन झालं.

तो पोर्टेबल सेट सुटकेनंतर आझादांना परत मिळाला. जवळजवळ तीन वर्षं नुसता पडून होता, म्हणजे त्यातल्या दोन्ही बॅटऱ्या मेलेल्याच असणार, कदाचित पाझरल्याही असतील. त्या काळच्या जस्ताच्या बॅटऱ्यांची ती खोडच होती. संपर्काच्या पट्ट्या घासून पुसायच्या, दीड व्होल्टची एक आणि नव्वद व्होल्टची एक अशा दोन नव्या बॅटऱ्या घालायच्या, बटण 'टिक' होईपर्यंत पिरगाळायचं आणि व्हॉल्व्ह तापेपर्यंत थोडं थांबायचं. स्पीकरला काही झालेलं असायचं कारण नाही.